रिमोट माझ्या खिशात

झिंदरमध्ये एप्रिल. बाहेर त्रेचाळीस.
कडुनिंबाखाली शेळ्यासुद्धा गप्प.
आणि आत मी, बल्किसा, भूल देणारी,
एका बाळाला थंडी वाजू नये म्हणून
सकाळपासून भांडते आहे.

डॉक्टर माहामान म्हणतात, एसी लाव,
घाम पडेल जखमेत.
मी म्हणते, कपाळ पुसायला याकूबा आहे.
रिमोट माझ्या खिशात आहे
आणि तो तिथेच राहील.

बाळ तीन दिवसांचं. दोन किलो शंभर.
आतडं मध्येच बंद.
नाव नाही अजून, ते सातव्या दिवशी ठेवतात.
फाइलीवर नुसतं: झुलाहाचा मुलगा.

आपल्याला हिव भरलं तर आपण कुडकुडतो,
गुडघे पोटाशी घेतो,
कुणाच्या तरी पांघरुणात शिरतो.
याला यातलं काही येत नाही.
याच्याकडे फक्त पाठीत,
खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे,
चमचाभर तपकिरी चरबी.
आईच्या पोटातून निघताना बांधून आणलेली
एवढीच शेगडी.
आणि माझं औषध
तिच्यावरच राख ओढतं.

सगळे विचारतात, झोपलं का?
झोपलं.
आता त्याच्या वाटणीचं कुडकुडणं
माझ्याकडे.

गरम हवेचं यंत्र आलं होतं,
खोक्यावर पाच भाषांत सूचना.
नळी उंदरांनी कुरतडली.
म्हणून डोक्याला कापूस, वर लोकरीची टोपी,
हातांना कापूस, पायांना कापूस,
त्यावर बाजारात खजूर गुंडाळतात ते पातळ प्लास्टिक.
उघडं फक्त पोट, तळहाताएवढं.
सलाइनच्या बाटल्या बाहेर सानीकडे.
सानी पहारेकरी. त्याच्या कोळशावर
निळी चहाची किटली उतरवून पातेलं चढवलंय
आणि तो कुरकुरत नाही, हे लिहून ठेवायला हवं.
प्रत्येक बाटली मी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते.

दोनदा बघते.
नवी होते तेव्हा, घाईत,
गरम पाण्याने भरलेला हातमोजा
एका मुलीच्या कातडीलाच लावून ठेवला होता मी.
ती आता नऊ वर्षांची आहे.
तिच्या मांडीवर पाच बोटं आहेत, फिकट.
तिची आई मला बाजारात भेटते, कांदे देते,
पैसे घेत नाही.
त्या कांद्यांनी डोळ्यांत पाणी येतं
ते चिरायच्या आधीच.

पोट उघडलं.
दार उघडं राहिलेल्या घरातून जावी
तशी ऊब निघून चालली.
छत्तीस पूर्णांक पाच.
छत्तीस पूर्णांक एक.
पस्तीस आठ.
याकूबाच्या कोपरातून घाम ठिबकतो आहे.
माहामान यांचा गाऊन पाठीला चिकटलाय,
शिवण बघताना ते तोंडाने श्वास घेतात.
आम्ही पाच माणसं भट्टीत उभी
आणि मधोमध एकटंच कुणीतरी
गारठत चाललेलं.

मी हात ठेवला टोपीवर.
यंत्राला त्याचा आकडा दिसत नाही,
कदाचित काही फरकही पडत नाही.
ठेवला.

पस्तीस आठ.
पस्तीस आठ.
सानी, पातेलं!
पस्तीस नऊ.

बऱ्याच वेळाने माहामान यांनी मान वर न करता विचारलं,
किती?
छत्तीस दोन, मी म्हटलं.
त्यांनी पुढचा टाका घेतला.
एसीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मग गॅस बंद. मग वाट बघणं.
मग एक पाय, कापसासकट, हवेत.
आणि तो आवाज,
मांजराच्या पिल्लापेक्षा जेमतेम मोठा,
चिडलेला.

बाप पंक्चर काढतो, बोटं काळी.
दाराशी उभा होता, सावली सोडून.
त्याने विचारून एक बोट लावलं
गाठोड्यातून बाहेर आलेल्या टाचेला,
आणि दचकला.
केवढं गरम आहे. ताप आहे का?

नाही हो, म्हटलं.
माणूस एवढाच गरम असतो.